तिप्पण्णा यांना पाठवले आहे

७ एप्रिल, सोमवार

आजपासून मी सरकारी नोकर. अकरा महिन्यांच्या करारावरची, पण ही बारीक अक्षरातली गोष्ट अव्वाला सांगायची नाही. तिनं गावात आधीच जाहीर करून टाकलंय की आमची भुवनेश्वरी सोलापुरात साहेबीण झाली. अव्वा म्हणजे माझी आई, काशम्मा. अक्कलकोटच्या पुढे आमचं गाव. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि भांडण दोन्ही भाषांत.

ऑफिस जलसेवा मंडळाचं, पण लोक त्याला नळ ऑफिसच म्हणतात. माझं पद ऐकायला भारी आहे : समाजमाध्यम समन्वयक. शिपाई येडूमामा सांगोल्याकडचे, दोन वर्षांनी रिटायर होणारे. त्यांनी माझं नेमणूकपत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हंजे करायचं काय, असं विचारलं. लोक मोबाइलवर तक्रार लिहिणार आणि आपण मोबाइलवर उत्तर देणार, असं मी ऐटीत सांगितलं. "आन् पानी बी मोबाइलवरच सोडनार व्हय?" म्हणाले. पहिल्याच दिवशी मामांनी माझी विकेट काढली.

खोली सात रस्ता चौकाच्या मागे मिळाली. दुसरा मजला, जिना चढून डावीकडे, हिरवं दार. पाणी पाच दिवसांनी येतं. मालकीणबाईंनी एक निळा ड्रम दिला आणि तो भरायला विसरलीस तर माझ्याकडे मागायला यायचं नाही, असं बजावलं. संध्याकाळी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. मजेत आहे मी. ही नवी वही रोज लिहायची, असं ठरवलंय.

९ एप्रिल, बुधवार

पेज सुरू झालं! वरून हुकूमच आहे : प्रत्येक कार्यालयानं समाजमाध्यमावर यायचं, तक्रारीला चार तासांत उत्तर द्यायचं, दर शुक्रवारी आढावा. आणि एक अट अशी की तक्रारदारानं स्वतः "समाधान झाले" असं लिहिल्याशिवाय तक्रार संपली असं धरायचं नाही. ही अट ऐकून आमचे साहेब दोन ग्लास पाणी प्यायले.

उत्तर काय द्यायचं हे बडेबाबू चनबसप्पा अण्णांनी शिकवलं. एकतीस वर्षं नोकरी, कपाळावर विभूती, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी एक जाडजूड वही काढली. त्यात तक्रार, पत्ता आणि 'कोणाला पाठवले' असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात पानामागून पान एकच नाव : तिप्पण्णा. एक माणूस एका दिवसात तीस घरी कसा जातो, असं मी विचारलं. अण्णा कन्नडमध्ये म्हणाले की रकाना मोकळा राहिला तर तपासणीत ताशेरे येतात, म्हणून नाव लागतं. ही वही कुणी वाचत नाही, पोरी. खरे चावीवाले, म्हणजे लोखंडी चावीनं रस्त्यातले व्हॉल्व्ह सोडणारे, अख्ख्या विभागात दोनच. त्यातला एक हर्नियाच्या ऑपरेशनला गेलाय.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, दुसरं काय! मी हसले आणि तेच वाक्य मोबाइलमध्ये भरून ठेवलं. आता एक बटण दाबलं की झालं : "तक्रार नोंदवली. तिप्पण्णा यांना पाठवले आहे."

चाचणी म्हणून पहिली तक्रार मीच टाकली. क्रमांक एक. नाव भुवनेश्वरी, पत्ता माझ्याच खोलीचा. नळाला पाणी येत नाही. उत्तरही मीच दिलं. येडूमामा मागून बघत होते. नाव वाचून ते चहाचे कप उचलून निघून गेले.

१६ एप्रिल, बुधवार

आठवड्यात तीन हजार लोक पेजवर आले आणि अठ्ठेचाळीस तक्रारी. सगळ्यांना बटण दाबून तेच उत्तर. रात्री झोपताना जरा टोचतं. पण मी एकटी काय करणार? चावीवाले मी थोडीच पैदा करणार आहे!

आज पहिला आभाराचा मेसेज आला. होटगी रस्त्याकडच्या एका गृहस्थांचा. तिप्पण्णा सकाळपासून दारात येऊन बसलेत, पाणी अजून आलेलं नाही, पण माणूस सभ्य आहे, चहासुद्धा घेतला नाही, असं लिहिलंय. म्हणजे आहे की हा माणूस! मला उगाच अपराधी वाटत होतं. आनंदानं जाऊन अण्णांना दाखवलं. त्यांचं पेन थांबलं. लोक काहीही लिहितात, म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

२२ एप्रिल, मंगळवार

तक्रारी संपायला लागल्या. कालपासून अकरा जणांनी समाधान कळवलं. साहेब खूश, माझ्यासाठी नवी खुर्ची मागवली.

पण मला चैन नाही. अकराही जणांनी एकच मजकूर लिहिलाय : "माझे समाधान झाले आहे. आता माझी कोणतीही तक्रार नाही." एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकमेकांचं बघून लिहितात, अशी मी मनाची समजूत घातली. तर त्यात तो किराणा दुकानदार! गेले नऊ दिवस तो आम्हाला रोज नवी शिवी घालत होता. साहेबांच्या आजोबांपर्यंत पोचला होता. इतकं मन लावून शिव्या देणारा माणूस एका रात्रीत असा कारकुनासारखा लिहायला लागेल?

त्याला फोन केला. पाणी आलं का विचारलं. नाही म्हणाला. मग समाधान कसलं, असं विचारलं. मग म्हणाला, काही तक्रार नाही. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ.

२५ एप्रिल, शुक्रवार

अव्वा आली. गुडघे दाखवायचेत, महिनाभर राहील. एसटीत खिडकी मिळाली नाही, रिक्षावाल्यानं लुटलं, जिना उभा, खोली कोंदट, माझं वजन उतरलंय आणि सोलापूरच्या दुधाला साय नाही, एवढं सगळं तिनं चप्पल काढायच्या आत सांगितलं. मग "एन माडली नानु" करून कपाळावर हात मारून घेतला. मी काय करू, म्हणते. काहीच करायचं नसतं तिला, नुसतं म्हणायचं असतं.

खरं सांगायचं तर जिवात जीव आला. वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर हीच कुरकुर ऐकत आम्ही दिवस काढले. अव्वा कुरकुरतेय म्हणजे सगळं ठीक आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

मन थाऱ्यावर नाही. तरी लिहिते.

दुपारी केराबाई नावाच्या म्हातारीच्या घरी जाऊन आले. तिची तक्रार शेजारच्या पूनमनं टाकली होती : म्हातारी एकटी आहे, दहा दिवस नळ कोरडा आहे. मी नेहमीचं बटण दाबलं. काल समाधानाचा मेसेज आला आणि आज पूनमचा फोन. रडत होती. तो मेसेज तिनं लिहिलाच नव्हता, म्हणाली. पेजवर गेला कसा, तेही तिला माहीत नाही. म्हातारी पाणी पीत नाही, म्हणाली.

त्रेचाळीस डिग्री ऊन. केराबाई उंबऱ्यावर बसली होती. घागर पालथी, ड्रम कोरडा. पूनम तांब्या तोंडाला लावत होती आणि पाणी हनुवटीवरून पदरात जात होतं. मी ओरडूनच विचारलं, आजी, तहान लागली नाही का? तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी शांत. "न्हाय गं. काय तक्रार न्हाय," म्हणाली.

पूनमनं सांगितलं की एक म्हातारा चावीवाला दोन दिवस पायरीवर बसून होता. खांद्याला लांब लोखंडी चावी. बोलला एक शब्द नाही. केराबाई त्याच्यापुढे तिच्या कटकटी सांगायची, पाण्याची, सुनेची, डोळ्यांची. तो मान डोलवायचा. सांगून सांगून म्हातारीच्या कटकटी संपल्या, तसा तो उठून गेला. पायरीवर जिथं चावी टेकली होती तिथं गंजाची गोल खूण आहे. मी बोट लावून पाहिलं.

अँब्युलन्स बोलावली. म्हातारीला नेताना तिनं कशालाच हरकत घेतली नाही.

३० एप्रिल, बुधवार

येडूमामांना कोपऱ्यात गाठलं. तिप्पण्णा कोण ते सांगा, नाहीतर मी अण्णांच्या टेबलावर चढून ओरडेन, असं म्हटलं. मामा हळू आवाजात सांगत गेले.

तिप्पण्णा इथलाच चावीवाला. अठरा वर्षांपूर्वी असाच उन्हाळा होता. बाकीचे चावीवाले आजारी, हा एकटा. लोकांच्या शिव्या खायलाही त्यालाच पाठवायचे, कारण तो उलट बोलायचा नाही. चार दिवसांच्या रजेचा अर्ज तीनदा दिला. अर्ज अण्णांच्या खणात पडून राहिला, कारण साहेब मीटिंगमध्ये होते. एका दुपारी कुणाच्या तरी पायरीवर बसून तक्रार ऐकता ऐकता गेला. घरातल्यांना वाटलं, दमलाय, बसू दे. "मरस्तवर तोंडातनं तक्रार काडली न्हाय बगा त्यानं," मामा म्हणाले.

नाव मात्र वहीत चालूच राहिलं. अण्णांच्या हाताला सवय झाली होती, आणि मेलेला माणूस कुठेही पाठवला तरी भत्ता मागत नाही.

मी विचारलं, अठरा वर्षांत कधी असं झालं नाही, मग आत्ताच का? मामांनी माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "वहीत हुतं तवर कोन वाचत न्हवतं. आता समदं गाव वाचतंय. मग त्याला जावं लागनारच की, म्याडम."

२ मे, शुक्रवार

केराबाई गेली.

आढाव्यात आमचं कार्यालय पहिलं आलं. साहेबांचा सत्कार. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन पेज बंद करा म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं, केराबाईचंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि उन्हाचा त्रास होत असेल तर लिंबू सरबत घेत जा, म्हणाले. जिल्ह्यात एकही कार्यालय आपल्या जवळ नाही, आणि तुमचा करार वाढवायचं पत्र मीच लिहिणार आहे, हेही म्हणाले.

मी गप्प बसले. करार वाढला नाही तर अव्वाच्या गुडघ्यांचं काय, हा विचार आला आणि मी गप्प बसले. लाज वाटते.

५ मे, सोमवार

मी उत्तरं देणं बंद केलं. दुपारी पाहिलं तर सगळ्यांना उत्तरं गेलेली. साहेबांकडेही पेजचा पासवर्ड आहे. मीच भरून ठेवलेलं वाक्य, माझंच बटण. ते गाडीत बसल्या बसल्या दाबतात.

रजा मिळाली तर तरी तो थांबेल, म्हणून अण्णांकडे तो जुना रजेचा अर्ज मागितला. खण उघडला. अर्ज आहे अजून, पिवळा पडलेला. त्यावर सही साहेबांची लागते. अण्णा अर्जाकडे बघत रडले. मला त्यांची दया आली नाही.

७ मे, बुधवार

ऑफिसबाहेरच्या रस्त्यावर आवाज. लोखंड डांबरावरून ओढत नेल्यासारखा. खर्र— थांबतो— परत खर्र. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नाही.

खिडकीतून पाहिलं. कुणी नाही.

घरी अव्वा वरणात मीठ कमी म्हणून बडबडत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. केसांना तेल नाही, म्हणाली. बोल अव्वा, बोलत राहा.

८ मे, गुरुवार. सकाळी सव्वाअकरा

ऑफिसमध्ये पेढे वाटताहेत. पडद्यावर आलंय—

समाधानी : २१३. प्रलंबित : १.

एकच उरली म्हणून टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. साहेबांनी विचारलं, कुणाची आहे, आजच्या आज संपवून टाका. मी यादी खाली सरकवत गेले. अगदी खाली. क्रमांक एक.

जिना चढून डावीकडे. हिरवं दार.

अव्वा घरी एकटी आहे.

अकरा पंचवीस

फोन लागला. उचलला. जिन्यावर कोण म्हातारा आणून बसवलास, म्हणून माझ्यावरच ओरडली. आत ये म्हटलं तर येत नाही, पाणी दिलं तर घेत नाही, त्या लोखंडानं फरशी खराब केली. मी म्हटलं दार लाव, अव्वा, त्याच्याशी एक शब्द बोलू नकोस. ती म्हणाली, बिचारा ऐकून तरी घेतो, तुला कुठे वेळ असतो—

ठेवला तिनं.

मालकीणबाईंना केला. त्या मोहोळला लेकीकडे गेल्यात. रिक्षानं वीस मिनिटं— तोवर—

अकरा सदतीस

परत लागला. गुडघा कसा आहे विचारलं.

दुखत नाही म्हणाली.

उकडत नाही? नाही गं. चहा घेतलास? नको. अप्पांची आठवण येते का, अव्वा? मुद्दाम विचारलं. हा विषय काढला की ती तासभर—

ठीक आहे सगळं, म्हणाली. आवाज धुतल्यासारखा.

अकरा चाळीस

तक्रार माझ्या नावावर आहे. तिच्या नाही. माझ्या. तो तक्रारदाराकडे जातो. लिहिलेलं असेल तिथे जातो. समाधान झालं असं मीच लिहून टाकलं तर अव्वा तशीच राहील.

लिहिलं. क्रमांक एकखाली, सगळ्या गावाला दिसेल असं :

"तक्रारदार घरी नाही. तक्रारदार भुवनेश्वरी कार्यालयात हजर आहे. तिप्पण्णा यांनी कार्यालयात यावे."

बटण दाबलं.

बारा वाजून दोन

अव्वाचा फोन! गुडघा ठणकतोय, चहात मुंगी पडली, म्हातारा न सांगता उठून गेला, जिन्यावर गंजाचा डाग पडलाय, तो कोण घासणार, आणि असली कसली नोकरी तुझी, आईला दोन घास वाढायला वेळ नाही—

तोंडावर हात दाबून रडले मी. शिव्या दे अव्वा. अजून दे.

येडूमामांना रिक्षाचे पैसे दिले, अव्वाला आजच गावी पोचवा म्हटलं. मामांनी पायात चपला सरकवल्या. "जातो, पोरी," एवढंच म्हणाले. पहिल्यांदा म्याडम नाही म्हणाले.

सव्वा बारा

खर्र—

फाटकापाशी.

आजूबाजूला सगळे जेवायला बसलेत. कुणालाच ऐकू येत नाही. अण्णांना येतंय. त्यांनी डबा झाकला.

रजेचा अर्ज माझ्या टेबलावर मांडून ठेवलाय. 'मंजूर' लिहिलंय मी त्यावर, मोठ्या अक्षरात. माझ्या सहीला किंमत नाही, माहीत आहे. तरी—

बारा वाजून बावीस

समोरच्या खुर्चीत आहे. माझ्यासाठी मागवलेली नवी खुर्ची.

अर्जाकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो. मान डोलवतो.

काही बोलायचं नाही. तोंड उघडायचं नाही. सगळं इथे लिहायचं, म्हणजे माझ्याजवळ राहील. मला भीती वाटते. मला राग आहे, साहेबांचा, अण्णांचा, माझा. केराबाई. केराबाईचं ओठांवरून गेलेलं पाणी. अकरा महिन्यांचा करार. अव्वा मला—

तो वाचतोय. उलट्या बाजूनं, वहीतलं. मान डोलवतो.

साडेबारा

ऊन तसं कमीच आहे आज.

अव्वाचा फोन वाजतोय. वाजू दे.

तहान होती मघाशी, आता—

केराबाई कोण ते वर लिहिलंय, वाचते आहे, पण—

भीती वाटते असंही लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

फोन परत वाजतोय. स्क्रीनवर अव्वा असं नाव आहे. उचलला नाही तर ती चिडेल, तिची चिडचिड मला आवड— मला—

बरं वाटतंय. छान आहे सगळं. माझे समाधान झाले आहे. आता माझी कोणती